अस्वलांच्या नदीकाठी एक उन्हाळा

अलास्काच्या नैऋत्य भागात कटमाई राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्या उद्यानात ब्रुक्स नावाची एक नदी आहे. तिची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. ब्रुक्स तळ्यातून निघून ती नॅकनेक या विस्तीर्ण तळ्याला मिळते आणि वाटेत सुमारे सहा फुटांचा एक धबधबा ओलांडते. दर जुलैत समुद्रातून परतणारे सॉकाय जातीचे सॅमन मासे उड्या मारत हा धबधबा चढू पाहतात, आणि त्यांना धरण्यासाठी तपकिरी अस्वले तेथे गोळा होतात. मासेमारीचे हौशी लोक येथे १९५० पासून येत आले आहेत. आता निव्वळ अस्वले पाहायला येणाऱ्यांची संख्याही मोठी असते. तेथपर्यंत रस्ता नाही. अँकरेजहून विमानाने किंग सॅमन या छोट्या गावी जायचे आणि तेथून पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने तळ्याच्या काठी पोहोचायचे. तेथल्या लॉजच्या स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात मी एक उन्हाळा काम केले.

माझे शिक्षण हॉटेल व्यवस्थापनाचे आणि माहेर गुहागर तालुक्यातले, त्यामुळे पाहुण्यांची सरबराई आणि मासे या दोन्ही गोष्टी मला नव्या नव्हत्या. तरीही तेथे गेल्यावर पहिला धडा मला स्वयंपाकघरात मिळाला नाही. तो उद्यानाच्या रेंजरकडून मिळाला. ब्रुक्स कॅम्पवर उतरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो एका दुपारपुरता आलेला पर्यटक असो वा हंगामभर राबणारा कर्मचारी, आधी अस्वलांविषयीच्या वर्गात बसावेच लागते. अस्वलापासून निदान पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर, अंतर राखायचे. पायवाटेवर अस्वल समोरून आले तर वाट त्याची, आपण बाजूला व्हायचे. चालताना मोठ्याने बोलत किंवा टाळ्या वाजवत जायचे, म्हणजे झाडीतले अस्वल दचकणार नाही. आणि काहीही झाले तरी पळायचे नाही. वर्ग संपला की छातीवर लावायला एक छोटा बिल्ला मिळतो. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे तो बिल्ला लावून शाळकरी मुलांसारखी ऐटीत फिरताना मी पाहिली आहेत.

त्या जागेचे खरे काम मात्र वासाशी असते, आणि हे काम बहुतांशी आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या हातांनी होते. इमारतींच्या आत किंवा ठरवून दिलेल्या जागीच खाता येते. बाहेर पायवाटेवर साध्या पाण्याखेरीज काहीही चालत नाही. खाऊ, सुगंधी मलम, च्युइंगगम असे जे काही असेल ते आल्याआल्या सामानाच्या बंदिस्त खोलीत ठेवावे लागते. मासा पकडून ठेवायचा असेल तर तो ताबडतोब प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रेंगाळत न बसता, मासे गोठवण्यासाठी बांधलेल्या खोलीत आणून द्यायचा. कॅम्पच्या परिसरात मासा साफ करण्यासही बंदी आहे. माझ्या लहानपणी मागील दारी विळीवर मासे कापले जात, मांजरी पायाशी घोटाळत आणि पिंपळावर कावळे ताटकळत बसलेले असत. मासा आणला की तो तिथल्या तिथे साफ करायचा, हे हाताला इतके सवयीचे होते की तेथे खवल्यांसकट, आतड्यांसकट पिशवीबंद झालेला अख्खा मासा पाहून मला सुरुवातीला चुकल्यासारखे वाटे. पण पाण्यात टाकलेली आतडी आणि काठावर राहिलेले रक्त अस्वलाला एकच गोष्ट शिकवते, ती म्हणजे माणूस असतो तेथे आयते खाणे असते. ही गोष्ट एकदा शिकलेले अस्वल ती विसरत नाही. पुढे ते माणसांच्या वस्तीत शिरू लागते आणि त्याचा शेवट बहुधा बंदुकीच्या गोळीने होतो. तेव्हा कचऱ्याचे डबे घासणे, दरवाजे ओढून घेणे, सांडलेले पुसून काढणे ही कामे मला कधीच हलकी वाटली नाहीत.

धबधब्याशेजारी लाकडी मचाण आहे. गर्दीच्या दिवसांत एका वेळी चाळीस माणसांनाच तेथे प्रवेश मिळतो आणि एक तास झाला की जागा सोडावी लागते. सुट्टीच्या वेळात मी तेथे जाऊन उभी राहत असे. जुलैच्या मध्यावर त्या छोट्याशा धबधब्यापाशी वीस-पंचवीस अस्वले एकाच वेळी दिसू शकतात. एरवी एकेकटे राहणारे हे प्राणी इतक्या जवळजवळ उभे राहतात ते केवळ माशांच्या सुबत्तेमुळे. हिवाळाभर गुहेत काही न खाता काढल्याने त्यांचे वजन एक तृतीयांशापर्यंत उतरलेले असते. उन्हाळ्याच्या मध्यावर मोठा नर तीन-चारशे किलोंचा असतो आणि शरद ऋतू येईपर्यंत साडेचारशे किलोंच्याही पुढे जातो. त्याचे खाणे जवळून पाहण्यासारखे असते. पुढच्या पंजाने मासा दगडावर दाबून धरायचा, डोक्यामागची कातडी दातांत पकडायची आणि केळ्याची साल सोलावी तशी ती शेपटीपर्यंत ओढून काढायची. मासे भरपूर असले की ते फक्त कातडी, मेंदू आणि गाबोळी खाते, कारण चरबी तेथेच सर्वाधिक असते. उरलेला मासा पाण्याबरोबर खाली वाहत जातो आणि समुद्रपक्षी किंवा दुबळी अस्वले त्यावर तुटून पडतात. यात नासाडी होते असे पाहुण्यांना वाटे. मला तसे वाटत नाही. जंगलात वाहून नेलेल्या आणि अर्धवट टाकलेल्या माशांतून समुद्रातले नत्र झाडांच्या मुळांपर्यंत पोहोचते.

मासेमारीसाठी येणारे पाहुणे कमरेपर्यंत रबरी पोशाख चढवून नदीत उभे राहतात. या नदीत फक्त कृत्रिम माशीचा गळ वापरता येतो. एका सकाळी एक वयस्कर पाहुणे पुलाखालच्या बाजूस उभे होते आणि त्यांच्या गळाला चांगला दांडगा सॉकाय लागला होता. मासा पाण्यावर आपटत होता, दोरी गर्रकन सुटत होती, आणि त्या खळखळाटाने वळणापलीकडचे एक तरुण अस्वल मान वर करून थेट त्या दिशेने चालू लागले. वाटाड्याने शांत आवाजात दोरी तोडायला सांगितले. पाहुण्यांनी क्षणभर त्या माशाकडे पाहिले, दोरी तोडली आणि मागे मागे सरकत काठ गाठला. नियमच तसा आहे: अस्वल जवळ येऊ लागले की मासेमारी थांबवायची, आणि मासा गळाला असेल तर तो सोडून द्यायचा. हजारो मैल दूरून, वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसाला हे सोपे नसते. दुपारी जेवताना मात्र त्यांनी हीच हकिकत शेजारच्या टेबलावर मोठ्या अभिमानाने सांगितली, आणि त्या अभिमानाला ते पात्र होते असे मला मनापासून वाटते.

मागे सरण्याची ही शिस्त फक्त त्या नदीपुरती नाही, आणि मला त्या प्रदेशात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. ब्रुक्सचे मासे ब्रिस्टल उपसागरातून नॅकनेक नदीमार्गे येतात. या उपसागरात जगातील सर्वांत मोठी सॉकाय मासेमारी चालते. २०२२ साली तेथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले होते. नॅकनेकसारख्या नद्यांच्या दोन्ही काठांवर उंच मनोरे असतात. त्यांवर बसून राज्याच्या मत्स्यविभागाची माणसे दर तासाला दहा मिनिटे वर जाणारे मासे डोळ्यांनी मोजतात. अंडी घालण्यासाठी पुरेसे मासे वर गेले की नाहीत हे पाहून समुद्रातल्या होड्यांना जाळी टाकण्याची परवानगी दिली जाते किंवा थांबवली जाते. आधी नदीचा वाटा, मग माणसाचा. १९५९ साली अलास्का राज्य झाले तेव्हापासून मासे टिकवून वापरण्याचे तत्त्व त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे.

हे ऐकताना मला आमच्याकडची वलगण आठवत असे. पहिल्या जोरदार पावसात वहाळांना पाणी येते, गाबोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध शेतांपर्यंत चढतात आणि अख्खा गाव टोपल्या, पाग घेऊन बाहेर पडतो. त्या रात्रीचा आनंद मी भोगलेला आहे आणि तो नाकारणार नाही. परंतु समुद्रावर आपण जून-जुलैत होड्या थांबवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. मग त्याच दिवसांत वहाळात चढणाऱ्या अंड्यांच्या माशाला निदान पहिल्या पुराचे दोन दिवस तरी मोकळी वाट द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी गावी गेल्यावर आवर्जून विचारते.

ब्रुक्सच्या काठी माणूस उपरा आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तेथे सुगपियाक या मूळनिवासी लोकांची हजारो वर्षांपासूनची वस्ती होती आणि त्यांच्या अर्ध्या जमिनीखाली बांधलेल्या घराची प्रतिकृती कॅम्पमध्येच पाहायला मिळते. जून १९१२ मध्ये नोवारुप्ता ज्वालामुखीचा उद्रेक झाला. विसाव्या शतकातला तो सर्वांत मोठा उद्रेक. राखेने त्यांचे सावोनोस्की गाव राहण्याजोगे उरले नाही आणि लोकांना नॅकनेक नदीकाठी नवे गाव वसवावे लागले. त्यानंतर १९१८ साली कटमाई संरक्षित झाले, १९३१ साली ब्रुक्सचा परिसरही त्यात आला, आणि जुन्या रहिवाशांच्या वंशजांना अंडी घालून झालेले लाल मासे धरण्याचा पारंपरिक हक्क कायद्याने परत मिळायला १९९६ साल उजाडले.

ज्यांना तेथे जायचे आहे त्यांनी ऑगस्ट टाळावा. त्या महिन्यात मासे वरच्या पाण्यात पांगतात आणि अस्वले दुसऱ्या ओढ्यांकडे निघून जातात. सप्टेंबरात अंडी घालून थकलेले, अंगाने लालभडक आणि डोक्याने हिरवट झालेले मासे खालच्या पाण्यात मरू लागतात तेव्हा ती परत येतात, आणि तेव्हा ती जुलैतल्यापेक्षा ओळखू न येण्याइतकी लठ्ठ असतात. लॉजमधल्या खोल्या थोड्या असल्याने त्या सोडतीने मिळतात. जाणे जमणार नसेल तर धबधब्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांतून हे सारे उन्हाळाभर इंटरनेटवर थेट पाहता येते. महाराष्ट्रात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा ब्रुक्सला त्याच दिवसाच्या सकाळचे सात वाजलेले असतात, त्यामुळे जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जेवणे आटोपून मुलांना घेऊन बसावे. धबधब्याच्या कड्यावर उभे राहून उडता मासा तोंडात झेलणारी अस्वले आणि खालच्या फेसाळ पाण्यात बसून पंजांनी चाचपडणारी अस्वले वेगवेगळी असतात. प्रत्येकाची जागा आणि पद्धत ठरलेली असते, आणि चार-पाच दिवस सलग पाहिले की मुले ती आपोआप ओळखू लागतात.