तुझा जन्म कोणत्या सालचा?

२०२२ साली व्हिएतनाममधल्या सायगॉनला आले. पहिल्या आठवड्यात जी जी माणसं भेटली, त्यांतल्या बहुतेकांनी मला नावाआधी जन्मसाल विचारलं. ऑफिसातल्या मुलींनी विचारलं, इमारतीच्या रखवालदाराने विचारलं, कोपऱ्यावर कॉफीची गाडी लावणाऱ्या बाईनेही विचारलं. मी मनातून वैतागले. कुडाळात वाढले, पुण्यात नोकरी केली. बाईला वय विचारू नये हे अंगात मुरलेलं. मी हसून विषय बदलायचे आणि समोरचं माणूस एकदम गप्प व्हायचं. ते रुसायचं नाही, त्याला पुढचं वाक्यच सुरू करता यायचं नाही.

हे उमगायला मला चार महिने लागले. व्हिएतनामी भाषेत ‘मी’साठी ‘तोय’ असा एक शब्द आहे, पण तो ओळखीच्या माणसांत फार कोरडा वाटतो. रोजच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ची जागा नाती घेतात. समोरचा माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल तर तो ‘आन्’, म्हणजे दादा. बाई असेल तर ‘ची’, म्हणजे ताई. लहान असेल तर ‘एम’. आणि मी स्वतःलाही त्याच नात्याने संबोधायचं. ताईशी बोलताना ‘मी उद्या येते’ असं नाही, ‘धाकटी उद्या येते’. आईच्या वयाच्या बाईशी बोलताना इकडे दक्षिणेत स्वतःला ‘कॉन’ म्हणायचं, म्हणजे लेकरू. समोरच्याचं वयच माहीत नसेल तर आपण कोण हेही ठरत नाही, म्हणून आधी जन्मसाल.

नंतर वर्गात शिक्षिकेने नात्यांचा तक्ता काढला. वडिलांचा थोरला भाऊ ‘बाक’, धाकटा ‘चू’. वडिलांची बहीण ‘को’, आईची बहीण ‘यी’, आईचा भाऊ ‘काऊ’. माझ्या वहीत पाच मिनिटांत काका, आत्या, मावशी, मामा असं सगळं लिहून झालं. शेजारी बसलेल्या ऑस्ट्रेलियन मुलीला दोन बाजूंच्या आंटींना वेगळे शब्द का लागतात हेच पटत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही भाषा मला येईल.

सुरांचं मात्र तसं नव्हतं. लिहिताना सहा सूर आहेत. एकच ‘मा’ सूर बदलून म्हटला की भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. दक्षिणेच्या बोलीत त्यांतले दोन सूर एकमेकांत मिसळतात, तेवढीच सवलत. अजूनही बाजारात माझं वाक्य लोक दोनदा ऐकतात.

पहिलं वर्ष मी थाओ दिएनला राहिले. सायगॉन नदीच्या पलीकडची ही परदेशी लोकांची वस्ती. तिथे इंग्रजीत सगळं मिळतं: शाळा, डॉक्टर, योगाचे वर्ग, पाव, चीज. भरतीचं पाणी आणि पाऊस एकत्र आले की रस्त्यात गुडघाभर पाणी साचतं. ते सोडलं तर गैरसोय काही नाही. मी कपड्यांच्या कारखान्यांत मर्चंडायझर आहे. दिवसभर शिवण, रंग, मापं यांत डोकं घातल्यावर घरी आल्यावर कोणाशी तरी सोपं बोलता यावं, एवढीच अपेक्षा होती. ती तिथे पुरी व्हायची. पण वर्षभरात माझ्या ओळखीच्या व्हिएतनामी माणसांची संख्या ऑफिसबाहेर दोनवर अडली होती, आणि ‘इथले लोक आपल्यात मिसळत नाहीत’ हे वाक्य दर शनिवारी कोणीतरी म्हणायचं. मीही म्हटलेलं आहे. आज त्याची लाज वाटते, कारण आम्ही कोणाला वय सांगत नव्हतो आणि कोणाचं विचारत नव्हतो.

घर सोडायला निमित्त कागदांचं झालं. परदेशी भाडेकरूची नोंद घरमालकाने पोलिसांकडे करायची असते. माझ्या त्या मालकाने ती केलीच नव्हती, आणि रहिवासाचं कार्ड काढताना माझं सगळं अडलं. दंड भरला, अनामत रक्कमही पुरती परत मिळाली नाही. मग ऑफिसातल्या एका मुलीने तिच्या ओळखीच्या घरातली वरची खोली दाखवली. बिन्ह थान्ह भागात, एका ‘हेम’मध्ये.

हेम म्हणजे गल्ली, बोळ. सायगॉनची अर्धी वस्ती हेममध्येच राहते असं मला वाटतं. पत्त्यात तिरक्या रेघा असतात. समजा, पत्ता १२०/१८/७ असेल तर मोठ्या रस्त्यावर १२० क्रमांकापाशी आत वळायचं, मग १८ क्रमांकापाशी पुन्हा वळायचं, आणि सातवं घर शोधायचं. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं. सकाळी सहाला दारादारांत कोळशाची शेगडी, धुतलेल्या भाज्या, पिंजऱ्यातले पक्षी. रात्री कोणाच्या तरी घरी चाकांच्या स्पीकरवर कराओके, आणि तो मोठ्याने, अगदी काळजात घुसेल असा. त्याची सवय मला अजून झालेली नाही.

घरमालकीण ‘को साऊ’. साऊ म्हणजे सहा. दक्षिणेत भावंडांना क्रमाने हाक मारतात, पण मोजणी दोनपासून सुरू होते. थोरलं अपत्य ‘हाय’, म्हणजे दुसरं. एक नंबर कोणालाच नाही. त्यामुळे साऊ ही पाचवी. का, याची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो. तिचा पहिला प्रश्न अर्थातच जन्मसालाचा. मी या वेळी लगेच सांगितलं. तिने बोटांवर हिशेब केला, त्यांच्या बारा प्राण्यांच्या चक्रातलं माझं वर्ष काढलं, मग आईचं जन्मसाल विचारलं. १९५७, म्हणाले. ती १९६१ ची. आईपेक्षा लहान, म्हणून ती माझी ‘को’ आणि मी ‘कॉन’. त्याच संध्याकाळी तिने पासपोर्ट मागून घेतला आणि माझी नोंद करून टाकली.

तेव्हापासून जिन्यावर गाठ पडली की तिचा एकच प्रश्न: ‘कॉन, जेवलीस का?’ उत्तराची तिला फारशी गरज नसते. आपल्याकडे तरी कुठे असते?

मी शाकाहारी आहे म्हटल्यावर घरच्यांना वाटलं होतं ही तिथे उपाशी मरेल. खरं तर शाकाहाराला इथे चांगला शब्द आहे, ‘चाय’, आणि त्याला मानही आहे. चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ बौद्ध घरांत चाय जेवतात, जशी आपल्याकडे संकष्टी किंवा एकादशी. त्या दिवशी चायच्या खानावळींत बसायला जागा मिळत नाही. इतर दिवशी सावध राहावं लागतं, कारण नुसत्या परतलेल्या भाजीतही माशाची पातळ चटणी, ‘न्युक माम’, असते. को साऊ माझ्यासाठी सोयाबीनची वापरते आणि कढई वेगळी ठेवते. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. बा चिएऊ बाजारात तर मला कोकणातच आल्यासारखं होतं: माठ, कारली, भेंडी, शेवग्याचा पाला, केळफूल, आणि नाळीची भाजी, जी इथे बारा महिने, प्रत्येक घरात. ‘बान्ह सेओ’ तर पाहाच. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. तव्यावर टाकल्यावर जो चर्र आवाज होतो तोच त्याचं नाव. आमचं घावनच ते, फक्त पिवळं, कुरकुरीत आणि पोटात मोड आलेले मूग भरलेलं. मोहरीच्या कोवळ्या पानात गुंडाळून खायचं.

नात्याच्या या बोलीची एक अवघड बाजूही आहे, ती कामात कळली. लहान माणूस मोठ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. माझ्या हाताखालच्या मुली प्रत्येक सूचनेला ‘या’ म्हणायच्या. मी तो होकार समजले. एका ऑर्डरीचा निळा रंग नमुन्याशी जुळत नव्हता, ते कटिंग टेबलावरच्या मुलीला आठवडाभर आधी दिसलं होतं; ती ‘या’ म्हणत राहिली आणि बाराशे शर्ट शिवून झाले. तिला विचारलं तेव्हा रडवेली झाली. ‘या’ म्हणजे ‘ऐकलं, ताई’. होय किंवा नाही त्याच्या पुढे येतं, आणि ते पुढचं बोलायची तिला मी संधीच दिली नव्हती. आता मी मोकळ्या बैठकीत काही विचारतच नाही. दुपारी जेवणानंतर दिवे मालवून सगळं ऑफिस चटई टाकून झोपतं. हो, वामकुक्षी, आणि तीही हक्काची. मुली उठल्या की एकेकीपाशी जाऊन हळूच विचारते. मग खरं कळतं.

‘तेत’ म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. यंदा १७ फेब्रुवारीला होतं. मुंबईचे चाकरमानी गणपतीला कसे गाड्या भरभरून कोकणात उतरतात, तसं इथलं शहर गावाकडे पळतं. स्कूटरवर दोन माणसं, एक मूल, मिठाईचे डबे, पिवळ्या ‘माय’ फुलांचं झाड. सायगॉन रिकामं होतं. दक्षिणेतल्या घरांत या दिवसांत देव्हाऱ्यापुढे फळांचं ताट मांडतात: सीताफळ, नारळ, पपई, आंबा. या फळांची दक्षिणेतली नावं ओळीने उच्चारली की ऐकायला वाक्य होतं, ‘खर्चापुरतं पुरेसं मिळो’. भरपूर मिळो असं नाही, पुरेसं. कारल्याची कढणही याच दिवसांत करतात, कारण कारल्याच्या नावात ‘कष्ट सरले’ असा अर्थ ऐकू येतो. आपल्या पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण झाली.

घरून दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश येतो, की व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांकडून स्फूर्ती घेऊन हरवलं आणि तिथे महाराजांचा पुतळा आहे. मी तो पुतळा शोधला. पुष्कळांना विचारलं, अगदी को साऊच्या थोरल्या भावाला, जो युद्ध पाहिलेला आहे. कोणालाच माहीत नाही. सायगॉन नदीच्या काठी पुतळा आहे तो त्रान हुंग दाओचा. तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या परतवणारा हा सेनापती. १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या पात्रात त्याने लाकडी खुंट पुरून ठेवले, भरतीत शत्रूचं आरमार आत येऊ दिलं आणि ओहोटीत ते खुंटांवर अडकल्यावर तुटून पडला. सिंधुदुर्गाच्या खडकांची माहिती असलेल्या कोणाही मालवणी माणसाला ही युक्ती ऐकून आनंद होईल. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. या लोकांनी आपली लढाई आपल्या पूर्वजांच्या आठवणीवर लढली. ते श्रेय त्यांचं आहे, आणि आपल्या महाराजांना ते उसनं घ्यायची गरज नाही.

भारताच्या खुणा हव्या असतील तर त्या खऱ्या आहेत. शहरात तमिळ लोकांनी उभारलेलं मारिअम्मनचं जुनं देऊळ आहे. आज तिथे रांगेत बहुतेक व्हिएतनामी बायका असतात, हातात उदबत्त्या घेऊन. मध्य व्हिएतनाममध्ये ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी चाम या तिथल्या जुन्या लोकांच्या राजांची शिवमंदिरं आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे २०२० मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आई आली. दारात को साऊने तिला पाहिलं, वय तिला माहीतच होतं. आई भावंडांत थोरली आहे का, एवढंच मला विचारलं. आहे म्हटल्यावर तिला हाक मारली, ‘ची हाय’. थोरली ताई. आईला अर्थ सांगितला तर तिला भरून आलं; तिला ताई म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. तीही मग हिला ‘साऊ’ म्हणू लागली. दोघींची एक भाषा नाही, पण तांदूळ भिजत घालण्यापासून सगळं दोघींनी मिळून केलं. एक दिवस घावनं, एक दिवस बान्ह सेओ.

त्याच मुक्कामात को साऊच्या आईचा ‘यो’ आला. यो म्हणजे वर्षश्राद्ध, तिथीने करायचं. नवव्या चांद्रमहिन्याची सतरावी. त्यांची मोजणी आपल्या एक-दोन दिवस पुढे चालते, त्यामुळे त्या वर्षी ती त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पडली. फोटोपुढे जेवण मांडलं, गेलेल्या बाईला आवडायचे ते सगळे पदार्थ. उदबत्त्या लावल्या, आणि मग घरभर माणसं नुसती थांबली. उदबत्ती जळून संपेपर्यंत कोणी ताटाला हात लावत नाही.

आई माझ्या कानात म्हणाली, ‘कावळा शिवायची वाट बघतात, तसंच ना हे?’

चायचं ताट आम्हा दोघींसाठी वेगळं होतं. निघताना आईने तिथी दोनदा विचारून घेतली.

परवा तिचा फोन आला. यंदाचं कालनिर्णय तिने भिंतीवर लावलंय, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ‘साऊची आई’ असं लिहून ठेवलंय. मी को साऊला दाखवायला गेले तर तिने मान हलवली. तिच्या भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरवर यंदाचा यो २६ ऑक्टोबरला आहे, कोजागिरीच्या सुमाराला. त्यांचा अधिक महिना गेल्या वर्षी होऊन गेला, आपला अधिक ज्येष्ठ या वर्षी आहे. आईला कळवलं. ती म्हणाली, ‘थांब, पेन आणते.’ मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि पानं उलटल्याचा.