अक्षरओळख, मेंदू आणि पडद्यावरचा खेळ

मुलांच्या ॲपच्या जाहिरातीत लाल-पिवळ्या ठिपक्यांनी रंगवलेला मेंदू दिसला आणि त्याखाली ‘मेंदूविज्ञानावर आधारित’ असे लिहिलेले आढळले की मी सावध होते. अशा बहुतेक ॲपमध्ये मेंदूविज्ञान चित्रापुरतेच असते. पण पडद्यावरच्या एका खेळाचा मेंदूवर होणारा परिणाम खरोखरच मोजला गेला आहे, आणि त्या मोजमापातून काय कळले व काय कळले नाही, हे मला सविस्तर मांडण्यासारखे वाटते. हा खेळ म्हणजे फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठात तयार झालेला ग्राफोगेम. वाचनदोषाचा आनुवंशिक धोका असलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या हाइक्की ल्युटिनेन यांच्या संशोधनातून तो निघाला. त्याची रीत अगदी साधी आहे: कानावर एक ध्वनी पडतो आणि पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांतून त्या ध्वनीचे अक्षर मुलाने निवडायचे.

या खेळाचा संबंध मेंदूच्या ज्या भागाशी येतो, तो डाव्या गोलार्धाच्या मागच्या आणि खालच्या बाजूला आहे. स्टॅनिस्लास देहान आणि लॉरां कोहेन या फ्रेंच संशोधकांनी त्याचा कसून अभ्यास केला. साक्षर माणसाच्या मेंदूत हा भाग लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देतो, मग लिपी कोणतीही असो. लेखनाचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांचा असल्यामुळे वाचनासाठी वेगळा अवयव घडायला उत्क्रांतीला सवड मिळालेलीच नाही. त्यामुळे चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेचाच काही भाग मूल वाचायला शिकताना अक्षरांच्या कामी लागतो, अशी देहान यांची मांडणी आहे.

सिल्विया ब्रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या बालवाडीच्या मुलांना आठ आठवड्यांच्या काळात हा खेळ खेळायला दिला. प्रत्येक मूल एकूण सरासरी चार तासांहूनही कमी वेळ खेळले. तुलनेसाठी संख्यांचा एक खेळही ठेवलेला होता. एवढ्या अल्प सरावानंतर मेंदूचा तोच भाग लिखित शब्दांना वेगळा प्रतिसाद देऊ लागल्याचे विद्युत्-लहरींच्या नोंदींत आणि एमआरआय चित्रांत आढळले. याचा अर्थ मुले वाचू लागली असा नाही. ध्वनी आणि अक्षर यांची गाठ पडू लागताच हा भाग कामाला लागतो, अस्खलित वाचन येईपर्यंत थांबत नाही, एवढेच यातून सिद्ध होते, आणि माझ्या मते तेही थोडे नाही.

आता दुसरी बाजू. याच खेळावरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात शब्दवाचनावरचा त्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. इंग्लंडमधल्या शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीतही नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. मात्र मुलाच्या खेळण्यात मोठ्या माणसाचा सहभाग भरपूर होता, त्या अभ्यासांत परिणाम स्पष्टपणे अनुकूल होता. म्हणजे मेंदूत बदल दिसणे आणि वर्गात वाचन सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावले होते की मेंदूविज्ञानापासून थेट वर्गापर्यंतचा पूल फार लांबचा आहे आणि मधला टप्पा मानसशास्त्राने गाठायला हवा.

मोठ्या माणसाचा सहभाग इतका निर्णायक का ठरतो, याचा एक धागा पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात सापडतो. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, तेव्हा ती बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच साहित्य तितकाच वेळ चित्रफितीतून मिळालेली बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. बाळांवरचा निष्कर्ष सहा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरीही ‘मुलाच्या हाती टॅब द्या, ते आपोआप शिकेल’ या विक्रेत्यांच्या आश्वासनापुढे प्रश्नचिन्ह उभे करायला तो पुरेसा आहे. (डोपामिन या बक्षिसाशी निगडित मेंदूतल्या रसायनाचे नाव घेऊन चांदण्या आणि नाणी वाटणाऱ्या ॲपविषयी इतकेच सांगते की, मूल चांदणीसाठी बोट दाबत आहे की अक्षरासाठी, हे चांदणी काढून घेतल्याशिवाय कळत नाही.)

देवनागरीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवल्यावर त्यांच्या मेंदूत, अगदी दृष्टीशी निगडित खोलवरच्या केंद्रांच्या जोडणीतही, बदल झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या लिपीवरचे असे काम अजिबात झालेले नाही असे नाही. पण फिनिश मुलाला वीस-पंचवीस अक्षरे पुरतात, तर मराठी मुलाला व्यंजनांवर चढणाऱ्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांतून वाट काढावी लागते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार नंतर होतो. एका ध्वनीला एक अक्षर हा ग्राफोगेमचा साचा उचलून मराठीत आणला, तर तो मुळाक्षरांपुरता चालेल आणि बाराखडीशी येऊन अडखळेल.

लिहिण्याविषयीही एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये दाखवले की, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी जी अक्षरे स्वतःच्या हाताने काढली होती, ती नंतर पाहताना त्यांच्या मेंदूतले वाचनाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले; कळफलकावर दाबलेल्या किंवा ठिपक्यांवरून गिरवलेल्या अक्षरांबाबत तसे झाले नाही. मुले मोजकीच होती, तेव्हा यावर इमले बांधू नयेत. तरी मराठी अक्षरओळखीची जी ॲप मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत ठिपक्यांवरून बोट फिरवणे हाच लेखनाचा सगळा सराव असतो, तेव्हा शेवटी तरी ठिपके काढून कोरा पडदा द्यावा किंवा सरळ पाटी घ्यायला सांगावी, असे मला वाटते.

शिक्षकांना अशा ॲपमधून गुणांची बेरीज मिळण्यापेक्षा, हे मूल ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते आहे आणि काल ओळखलेली वेलांटी आज चुकते आहे, एवढी नोंद मिळाली तर त्या मुलाशेजारी बसून कुठून सुरुवात करायची, हे त्यांना ठरवता येईल.