काचेच्या भांड्यातला भात

जपानी शाळांत पाचवी-सहावीला ‘कातेइका’ म्हणजे गृहशास्त्र असतं. पाचवीत वर्षाला 60 तास, सहावीत 55, प्रत्येक तास 45 मिनिटांचा, मुलगे-मुली एकत्र. भात आणि मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सार) अभ्यासक्रमातच आहेत, आणि भात शिजवायला बऱ्याचदा पारदर्शक काचेचं भांडं देतात. या भांड्याचं मला फार अप्रूप आहे.

माणशी 80 ग्रॅम तांदूळ, वजनाच्या दीडपट पाणी, म्हणजे 120 मिली. तांदूळ धुऊन निदान अर्धा तास भिजवायचे. इथे घाई केली की शीत बाहेरून मऊ होतं आणि आत कणी राहते. मग मोठी आच. दाणे वरखाली नाचू लागले की आच मध्यम. पाणी हळूहळू दाण्यांच्या खाली उतरतं, भातावर बारीक भोकं पडतात. ती दिसली की आच अगदी मंद, साधारण 15 मिनिटं. गॅस बंद केल्यावर 10 मिनिटं वाफेवर मुरू द्यायचा. झाकण मध्येच उघडलं तर वाफ जाते, वरचा थर टणक राहतो. आच कमी करायला उशीर झाला तर बुडाला करपतो. आच केव्हा बदलायची हे डोळ्यांनी ठरवायचं असल्यामुळे दहा-अकरा वर्षांचं मूल भांड्यावरून नजर हलवत नाही. मन एका जागी आणण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

याच विषयात शिकवतात त्या बटण शिवण्याचंही तसंच. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. बटण कापडाला घट्ट चिकटवायचं नाही. दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून तिथे दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे. फट नसेल तर काज्यात बटण बसताना कापड ओढलं जातं आणि तिथेच फाटतं.

आपल्याकडे कुकर लावतात, त्यात कमीपणा नाही. वरण-भात एकदम होतो, गॅस वाचतो. बोटाच्या पेरानं पाणी मोजणाऱ्या आज्यांना वजनकाटा कधी लागला नाही. कार्यानुभवाचा तास आपल्यालाही होताच. पण घरचं हे ज्ञान मुलींकडे गेलं, मुलगे ताटावर येऊन बसले, हे मात्र खरं. जपानही फार आधीपासून शहाणा नव्हता: पुढच्या वर्गांत हा विषय मुलग्यांनाही सक्तीचा झाला तो 1993-94 मध्ये. म्हणजे आपल्यालाही फार उशीर झालेला नाही.

घरी करून पाहायचं असेल तर जाड बुडाचं पातेलं आणि वर काचेचं झाकण पुरतं. भोकं त्यातून दिसतात. ओव्हनची काचेची भांडी मात्र गॅसवर ठेवू नका, तडकतात.