डायनामोवर ठिबकणारं ऑइल

गाडी 1999 सालची. चार सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर. तक्रारी दोन: हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतं, आणि तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) नुसता टक् करून गप्प बसतो. गाडीच्या मालक काकांनी बॅटरी नवी टाकली होती, तीही उतरायची. आधीच्या गॅरेजमध्ये 'रिंगा गेल्या, इंजिन करावं लागेल' असं सांगितलेलं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन पूर्ण खोलून बनवावं लागेल. या वयाच्या गाडीत इंजिन करायचं म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च, त्यामुळे आधी मोजून बघायचं ठरवलं.

धूर कधी येतो, हे मी पहिल्यांदा विचारतो. काका म्हणाले, "आंबा घाट उतरून खाली आलो आणि रेस दिली की एकदा निळा लोट येतो, मग काही नाही." हे लक्षण वाल्व्ह सीलचं, म्हणजे वाल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबरी सीलचं. उतारावर गाडी गिअरमध्ये आणि थ्रॉटल बंद असतो, तेव्हा मॅनिफोल्डमधलं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतलं) व्हॅक्यूम खूप वाढतं आणि कडक झालेल्या सीलमधून वाल्व्ह गाइडवाटे ऑइल आत ओढलं जातं. रिंगा गेलेल्या असत्या तर चढावर, लोड असताना धूर सतत दिसला असता.

तरी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमीच येतं, आणि त्या चुकीच्या आकड्यावर इंजिनं उगाच खोलली जातात. आकडे आले 160, 155, 160, 150 पीएसआय. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, काटा जेमतेम हलला. रिंगा गेलेल्या असत्या तर तो चांगलाच वर गेला असता.

वाल्व्ह सीलमधून जाणारं ऑइल एवढं नसतं, म्हणजे बाकीचं बाहेर जात होतं. इंजिन धुऊन, हवा मारून कोरडं केलं, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवली आणि गाडी फिरवून आणली. गळती शोधताना सगळ्यात वरचा ओला डाग धरायचा. खालचे डाग वाऱ्याने आणि उताराने पसरलेले असतात. पावडर ओली होत होती टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेला, आणि तिथून थेंब सरळ डायनामोवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर, पडत होता.

पॅकिंग नवंच दिसत होतं, वर सिलिकॉनही फासलेलं. मग गळतं का? इंजिन आयडलला (रेस न देता) चालू ठेवून पीसीव्ही वाल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस मॅनिफोल्डकडे सोडणारा वाल्व्ह, कव्हरमधून उपसून तोंडावर अंगठा ठेवला. तो ओढला गेला पाहिजे. इथे काहीच नाही. वाल्व्ह हलवला तर आवाज नाही, आत काळा चिकटा बसून जाम. रिंगांजवळून थोडा गॅस चांगल्या इंजिनातही खाली येतोच. त्याला बाहेर पडायला वाट नसली की तो पॅकिंगच्या कडेने ऑइल ढकलतो. ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर भक-भक हवा येत होती. तीच पाहून रिंगांचं निदान झालं असणार. पीसीव्ही वाल्व्ह बदलला, त्याचा होस साफ केला, आणि भकभक थांबली.

आता वीज. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत; इथे 13.1, आणि हेडलाइट-ब्लोअर लावल्यावर 12.4. शिवाय बंद गाडीत करंट जातोय का, तेही बघायचं होतं. निगेटिव्ह केबल काढून मल्टिमीटर दहा अँपियरच्या रेंजवर सीरिजमध्ये लावला. (मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.) अशा साध्या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी मिळून 30 मिलिअँपियरच्या आत असायला हवं. दाखवलं 380.

एकेक फ्यूज काढला, आकडा जवळपास तसाच. बरेच जण इथे थांबतात आणि बॅटरीला दोष देतात. पण डायनामोकडून बॅटरीला जाणारी जाड बी-प्लस वायर या फ्यूजबॉक्समधून जातच नाही. बॅटरी सोडवून ती वायर काढली, टोक टेपने गुंडाळलं, बॅटरी परत जोडली: 25 मिलिअँपियर. म्हणजे डायनामोतले डायोड, जे करंट एकाच दिशेने जाऊ देतात, ते लीक होते. 380 मिलिअँपियरने दिवसाला नऊ अँपियर-अवरच्या वर जातात; 35 अँपियर-अवरची बॅटरी, तीही अर्धवट चार्ज, तीन दिवसांत आडवी होणारच.

डायनामो खोलल्यावर कारण समोर होतं. ऑइल आणि धूळ मिळून मागची हवेची जाळी लिंपून टाकलेली, त्यामुळे डायोड प्लेट तापून गेलेली. ब्रशचा कोळसा ऑइलमध्ये कालवून स्लिप रिंगवर (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या कड्यांवर) काळा लेप. डायोड प्लेट आणि ब्रश नवे टाकले, स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या. बेल्टही ऑइल प्यालेला होता, तो नवाच घातला. असा बेल्ट पुसून चालत नाही.

एक गोष्ट वेगळी निघाली. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात 0.9 व्होल्टचा ड्रॉप येत होता, तो 0.2 च्या आसपासच असायला हवा. इंजिनची अर्थिंग पट्टी टोकाला हिरवी पडलेली. असं असलं की सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जड होते. पट्टी बदलली, बॉडीवरचा रंग घासून बसवली.

टॅपेट कव्हर पत्र्याचं. कोणीतरी बोल्ट आवळून त्याची कड वाकवलेली. ती सपाट केली, नवं पॅकिंग टाकलं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर ठिपक्याएवढं. जास्त लावलेलं सुटून संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडतं आणि स्ट्रेनर, म्हणजे तिथली ऑइलची गाळणी, चोंदतं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूने, आठ-दहा न्यूटन मीटर, बस्स.

शेवटी आयडलला 14.2, सगळं लावून 13.7 व्होल्ट. वाल्व्ह सील काढले नाहीत. काकांना सांगितलंय, पाचशे किलोमीटरनंतर सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पाव लिटरपेक्षा जास्त उतरलं असेल तरच सीलांकडे वळू.