निफाडची थंडी आणि पहाटेचं पाणी: द्राक्षबागा बघायला जाणाऱ्यांसाठी

निफाडला थंडी बघायला जायचं असेल तर तारीख ठरवून जाऊ नका, आभाळ बघून जा. डिसेंबरची अखेर ते जानेवारी हा हंगाम, पण त्यातही ढग आले किंवा वारा सुटला की हेलपाटा फुकट. निरभ्र आभाळ, कोरडी हवा आणि पान हलणार नाही अशी रात्र लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज बातम्यांत येतो. तो ६ अंशांच्या खाली आला आणि पुढचे दोन दिवस ढग नाहीत असं दिसलं की पिशवी भरायची.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे. द्राक्षं आमचीही, पण आमचं सगळं भांडण टंचाईशी. ठिबक आम्ही पाणी वाचवायला बसवलं. निफाड तालुक्यात तेच ठिबक लोक पहाटे चारला थंडी मारायला चालू करतात, हे ऐकून होतो. मेव्हण्याची सोयरीक उगावची, त्यामुळे राहायची सोय झाली. ज्यांची अशी सोय नाही त्यांनी नाशिकात न राहता निफाड किंवा पिंपळगाव बसवंतला मुक्काम करावा. खरं बघायचं ते पहाटे चार ते सूर्य उगवेपर्यंत असतं, आणि त्या वेळी नाशिकहून गारठत येण्यात अर्थ नाही. निफाडला रेल्वे स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. नाशिक रोडला उतरून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरीवरून एसटीने जाणं सोपं.

पहाटे बागेत गेलो तेव्हा मांडवाच्या तारेला लावलेला थर्मामीटर ५ दाखवत होता. मेव्हण्याचे सासरे, सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणाले, "पाहुणे, पारा बघू नका, गवत बघा." बांधावरच्या हरळीवर दव गोठून पांढरं झालं होतं. ५ अंशांना बर्फ कसा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. स्वच्छ रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत राहतात आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतात. थंड हवा जड, ती खाली बसते. वारा नसल्यामुळे वरची थोडी उबदार हवा तिच्यात मिसळत नाही. म्हणून तारेच्या उंचीवर ५ आणि गवताच्या पात्यावर शून्य, असं एकाच बागेत होतं. नानांच्या बागेचा ओढ्याकडचा सखल तुकडा वरच्या तुकड्यापेक्षा नेहमी जास्त गारठतो, आणि मोटार चालू झाली की पहिला व्हॉल्व्ह तिथलाच उघडतात.

आता पाण्याचं. विहिरीचं पाणी थंडीतही २२-२३ अंशांच्या आसपास असतं. पहाटे नळीतून येताना त्याला हात लावला तर कोमट वाटतं. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या एकरात साधारण ९६८ वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर धरले तर तासाला पावणेआठ हजार लिटर पाणी पडतं. ते २२ वरून ७ अंशांपर्यंत थंड होताना जेवढी उष्णता सोडतं, ती ३० किलोच्या आसपास वाळलेलं लाकूड जाळल्याइतकी होते. फरक एवढाच की लाकडाची बरीचशी ऊब वर निघून जाते आणि पाण्याची वेलीच्या बुडाशी, ओळीनं सारखी पसरते. तासाभरानं तारेवरचा पारा अंशभर वर आलेला दिसला. अंशभर ऐकायला किरकोळ वाटतं, पण घडाला इजा होणं आणि न होणं यात कधीकधी तेवढंच अंतर असतं.

मला जास्त पटलं ते आदल्या दिवसाचं पाणी. काळी जमीन कोरडी, भेगाळलेली असेल तर दिवसाचं ऊन तिच्यात खोल जात नाही, कारण भेगांत आणि ढेकळांत हवा असते. तीच जमीन ओली, दाबून बसलेली असेल तर दिवसभर ऊब साठवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. म्हणून थंडीची लाट येणार असं कळलं की नाना दुपारीच बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंच वरंबा, भिजवून घेतात आणि पहाटेचं पाणी वरून जोड म्हणून देतात. त्या भागात सगळेच असं करत नाहीत. बरेच जण पहाटेच्या पाण्यावरच विसंबून असतात.

त्याचं एक कारण वीज. शेतीचा थ्री-फेज पुरवठा कधी दिवसाच्या पाळीला, कधी रात्रीच्या; रात्रपाळी असली की दुपारी मोटार चालत नाही. एरवी शेतकरी दिवसाची वीज मागतो, रात्री सापाविंचवात कोण जाणार! पण थंडीच्या आठवड्यात रात्रपाळी आली तर इथे लोकांना बरं वाटतं. सौर पंप बसवलेल्यांची अडचण वेगळी: पहाटे चारला ऊन कुठून आणणार? त्यांच्यासाठी दुपारचं भिजवणं हाच मुख्य उपाय. शेततळं बागेपेक्षा उंचावर असेल तर पहाटे नळी नुसत्या उतारावर चालवता येते, पण शेततळ्याचं पाणी उघड्यावर असल्यानं विहिरीइतकं उबदार राहत नाही, हे लक्षात घ्यावं. बघायला जाणाऱ्यांनी आधी फोन करून कोणत्या गावाला कोणती पाळी आहे ते विचारून घ्या, नाहीतर चारला उठून बंद मोटारीपाशी चहा पीत बसाल.

पाणी किती द्यायचं यावर मात्र नाना फार काटेकोर आहेत, आणि इथेच आमच्याकडच्यांनी कान टवकारावेत. ऑक्टोबर छाटणीच्या बागा जानेवारीत वेगवेगळ्या अवस्थेत असतात. मणी अजून हिरवे, कडक असतील तर थंडीने फुगवण थांबते, पण पाणी देताना हात सैल सोडता येतो. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले, की गणित बदलतं. थंडीत मुळं मंद झालेली असतात. पुढे ऊन वाढलं आणि जमीन चिंब असली तर मण्याला तडे जातात. त्या बागेत नाना पहाटे अर्धा तासच व्हॉल्व्ह उघडतात, बाकी शेकोटीवर भागवतात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते. पिंक बेरी म्हणतात तो हाच प्रकार, आणि निर्यातीचा माल त्यानं नाकारला जातो. त्याला पाणी पुरत नाही, म्हणून घडांना कागद लावतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेले घड ओळीनं लटकलेले दिसले तर ते त्यासाठी.

मला तुषार सिंचनाबद्दल विचारायचं होतं, कारण युरोपात थंडीपासून संरक्षणासाठी तेही वापरतात. फ्रान्समधल्या शाब्लीत वेलींवर रात्रभर पाणी फवारून कोंबांवर बर्फाचं कवच चढू देतात. एक लिटर पाणी गोठताना ८० किलोकॅलरी उष्णता सोडतं आणि आतला कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. पण एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० किलोकॅलरी शोषल्या जातात. म्हणजे मध्येच मोटार बंद पडली आणि कोंबावरचं पाणी सुकायला लागलं तर काहीच न केल्यापेक्षा वाईट. आपल्या विजेच्या भरवशावर हा जुगार कोणी खेळू नये. शिवाय तिथे ते वसंतातले कोवळे कोंब असतात, आपल्याकडे जानेवारीत घड लटकलेले. ते रात्रभर भिजले तर सकाळी केवडा रोग (डाऊनी) आणि कूज दारात उभी.

शेकोट्यांबद्दल माझं मत गावकऱ्यांपेक्षा वेगळं झालं. बांधावर ओला पाला टाकून भरपूर धूर करतात, आणि धूर बागेवर गोधडीसारखा राहतो अशी समजूत आहे. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून आभाळाकडे जाणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. ऊब देते ती आग. त्यामुळे एक मोठी धुमसती शेकोटी करण्यापेक्षा लहान लहान, नीट जळणाऱ्या अनेक शेकोट्या बऱ्या. मोठ्या आगीचा गरम झोत सरळ वर जातो आणि बाजूची थंड हवा आत ओढून घेतो. नाना यावर हसले, पण दुसऱ्या पहाटे लाकडं वाटून ठेवलेली दिसली.

आच्छादनाचाही विचार करा. आम्ही तासगावला ओल टिकवायला बोदावर उसाचं पाचट अंथरतो, आणि ते सोडू नये असंच मला वाटतं. पण पाचटाखालची जमीन दिवसा ऊन घेत नाही आणि रात्री ऊब वर सोडत नाही. मुळं उबदार राहतात, घड मात्र गारठतात. निफाडसारख्या थंडीत ओळीमधली पट्टी तण काढून उघडी आणि ओली ठेवलेली बरी. आमच्याकडे हिवाळ्यात तसा पारा सहसा उतरत नाही, म्हणून नाशिकचं ऐकून लगेच पाचट उचलू नका.

बागेत जाताना मालकाला विचारूनच जा. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाण्याआधी बूट धुवा. चिखलाबरोबर रोग जातात. घडाला हात लावू नका, मण्यावरची पांढुरकी झाक पुसली की बाजारात भाव पडतो. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय मणी तोंडात टाकू नका. कानटोपी, हातमोजे आणि डोक्याला बांधायची बॅटरी सोबत घ्या; मोबाइलच्या उजेडात नळी तुडवली जाते.

नऊनंतर बागेत बघण्यासारखं थोडंच उरतं. मग नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जुना बंधारा. इथून निघणारे कालवे कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. साचलेल्या पाण्यामुळे हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. चापडगावच्या बाजूनं गेलात तर निरीक्षण मनोरे जवळ पडतात.

घरी परतल्यावर करण्यासारखी गोष्ट स्वस्त आहे: दोन साधे थर्मामीटर आणा. एक घडांच्या उंचीवर सावलीत लावा, दुसरा बागेच्या सर्वात सखल कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर वर. महिनाभर पहाटे दोन्ही आकडे वहीत लिहा. कोणत्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करायची ते त्या वहीतून कळेल.