कोल्हापुरात कर सल्लागाराला नवे क्लायंट कुठे भेटतात

स्वतःचे कार्यालय नुकतेच थाटलेले तरुण कर सल्लागार भेटले की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: कामाची भीती नाही, पण नवे क्लायंट आणायचे कुठून? त्यांतले बरेच जण जून उजाडला की राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत फलक लावतात, ‘अल्प दरात रिटर्न भरून मिळेल’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवतात आणि ३१ जुलैपर्यंत पगारदारांची विवरणपत्रे भरत बसतात. ही माणसे पुढच्या वर्षी फारशी परत येत नाहीत. पगारदाराचे विवरणपत्र आज आयकर विभागाच्या पोर्टलवर पगार, व्याज आणि टीडीएस (उगमाशी कापलेला कर) आधीच भरलेल्या अवस्थेत उघडते, त्यामुळे ज्याचे उत्पन्न सरळ आहे त्याला आपली गरज कमी भासते, आणि जिथे गरज कमी असते तिथे माणूस केवळ दर पाहतो. मला अनुभवाने पटलेली गोष्ट अशी, की टिकणारा क्लायंट जुलैच्या गर्दीत शोधायचा नसतो. त्याला कराचा प्रश्न ज्या ठिकाणी आणि ज्या महिन्यात पडतो, तिथे आपण त्याच्याआधी पोहोचलेले असले पाहिजे.

जाहिरातीबद्दल आधी थोडे सांगितले पाहिजे. सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याने काम मागत फिरण्यास मनाई केलेली आहे आणि वकिलांवरही त्यांच्या परिषदेच्या नियमांचे तसेच बंधन आहे. मी वाणिज्य पदवीधर, जी.डी.सी. ॲण्ड ए. (शासनाची सहकार व लेखा पदविका) उत्तीर्ण आणि नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर आहे, त्यामुळे ते नियम मला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही ते मी स्वतःहून पाळतो, कारण हिशेबाच्या वह्या ज्याच्या हाती द्यायच्या तो माणूस फलक वाचून निवडावा असे इथल्या कोणत्याच व्यापाऱ्याला वाटत नाही. तो आधी आपल्या गल्लीत विचारतो, मग बँकेत विचारतो आणि नंतर आपला जिना चढतो.

शिवाजी उद्यमनगराचेच उदाहरण घ्या. तिथल्या गाळ्यागाळ्यांतून फाउंड्रीच्या कास्टिंगवर मशिनिंगचे जॉबवर्क चालते. कच्चा माल फाउंड्रीचा, मजुरी गाळेवाल्याची, असा तो व्यवहार असतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९४सी नुसार अशा मजुरीचे एक बिल ३० हजारांच्या वर गेले किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की देणाऱ्याने वैयक्तिक मालकाच्या बिलातून १ टक्का आणि भागीदारी संस्थेच्या बिलातून २ टक्के कर कापायचा असतो. तो कापला जातो, गाळेवाल्याच्या पॅनवर जमा दिसतो आणि अनेकदा तिथेच पडून राहतो, कारण त्याने विवरणपत्रच भरलेले नसते. अलीकडे तर मला उद्यमनगरात हमखास ऐकू येणारे वाक्य असे आहे: “साहेब, बारा लाखापर्यंत माफ झालंय की. आता आमचं रिटर्न कशाला?” नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही हे खरे आहे, पण तो सवलतीचा परिणाम आहे. मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे, तिच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरावेच लागते, आणि कापलेला कर विवरणपत्राशिवाय परत मिळत नाही.

उद्यमनगरात जाण्याचा योग्य काळ म्हणजे दिवाळी संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा. मुदत चुकवलेल्याला विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक हजार आणि त्याहून अधिक असेल तर पाच हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते, पण परतावा मात्र मागता येतो. ३१ डिसेंबर उलटल्यावर उरते ते अद्ययावत विवरणपत्र. त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढलेली असली तरी त्यातून परतावा मागता येत नाही. म्हणजे ज्या गाळेवाल्याचे चाळीस हजार रुपये टीडीएसमध्ये अडकलेले आहेत, त्याच्यासाठी नोव्हेंबर महिना मोलाचा असतो आणि हे त्याला सांगणारे कोणीही त्या वेळी तिथे नसते. शिवाय याच मालकाला पुढे मशीनसाठी कर्ज लागते, बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागते आणि मागच्या वर्षांचा हिशेब एकदम उकरून काढावा लागतो. नोव्हेंबरमध्ये त्याचा परतावा ज्याने मिळवून दिला, त्याच्याकडेच तो कर्जाची फाईलही घेऊन येतो.

गाळ्यात मात्र थेट शिरू नये, असे माझे ठाम मत आहे. उद्यमनगरात आणि लक्ष्मीपुरीत दिवसाला दोन-तीन दुकाने करून टॅलीवर हिशेब लिहिणारी माणसे आहेत. खरेदी-विक्रीची बिले त्यांच्या हातून जातात, मालकाचा स्वभाव त्यांना ठाऊक असतो आणि नोटीस आली की मालक सर्वांत आधी त्यांनाच फोन करतो. माझ्याकडे आलेले बरेचसे चांगले क्लायंट या हिशेबनीसांनी पाठवलेले आहेत. त्यांना मी कधीही कमिशन दिलेले नाही, आणि त्यांचे हिशेब लिहिण्याचे काम माझ्या कार्यालयात ओढूनही घेतलेले नाही. त्यांना अडलेल्या ठिकाणी, मग तो जीएसटी पोर्टलवरच्या टूबी या खरेदीच्या विवरणात न दिसणाऱ्या बिलाचा प्रश्न असो किंवा १८ तारखेच्या सीएमपी-०८ या छोट्या व्यापाऱ्यांच्या तिमाही जीएसटी विवरणाचा, फोनवर शांतपणे उत्तर देतो. एवढ्याने त्यांचा विश्वास बसतो. हिशेबनीसाला हाताखालचा माणूस समजणारे सल्लागार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे नवी फाईल का येत नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरे क्षेत्र म्हणजे गावोगावच्या दूध संस्था, आणि या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात हे काम मोठे आहे आणि तरुण सल्लागारांचे त्याकडे लक्ष कमी आहे. आपल्या सभासदांचे दूध जिल्हा संघासारख्या संघीय संस्थेला पुरवणाऱ्या प्राथमिक संस्थेला त्या व्यवहाराच्या संपूर्ण नफ्याची वजावट १९६१ च्या कायद्यातील कलम ८०पी देते. यावरून बऱ्याच गावांत असा समज रूढ झाला, की संस्थेला कर नाही म्हणजे विवरणपत्रही नाही. परंतु कलम ८०एसीमधील बदलामुळे कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे, कर आकारणीचे वर्ष) २०१८-१९ पासून ही वजावट मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यालाच मिळते. सहकार कायद्याने संस्थेचे लेखापरीक्षण बंधनकारक असल्यामुळे ही मुदत ३१ जुलै नसून ३१ ऑक्टोबर असते. ती चुकली तर जो नफा पूर्ण वजा झाला असता, त्यावरच कर आकारला जाऊ शकतो. त्याशिवाय पशुखाद्याच्या विक्रीचा नफा आणि बँकेतील ठेवींचे व्याज यांची वजावट वेगवेगळ्या पोटकलमांखाली तपासावी लागते, आणि ठेवी जिल्हा बँकेत असतील तर त्या व्याजावर वादही होतात. दूध खाजगी डेअरीला जात असेल, तर वर सांगितलेली वजावट मुळातच बसत नाही.

त्यात रोख रकमेचा प्रश्न येतो. १९६१ च्या कायद्यात १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, मागील तीन वर्षांची विवरणपत्रे न भरणाऱ्याने वर्षात २० लाखांहून अधिक रोख रक्कम खात्यातून काढली की बँकेने कर कापायचा, असा नियम होता. उत्पादकांची बिले रोखीने वाटणाऱ्या संस्थेला ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नसे, आणि अनेक सचिवांना आयकर नावाची गोष्ट आपल्यालाही लागू आहे हे बँकेच्या खात्यातून रक्कम कापली गेल्यावरच कळले. करवीर तालुक्यातील एका सचिवांनी मला पहिल्यांदा बोलावले ते अशाच कपातीनंतर. “आण्णा, पैसं दूधवाल्यांचं. संस्थेचा त्यात काय फायदा? मग कर कसला कापला?” हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. राहिलेली विवरणपत्रे भरणे, कापलेल्या कराचा परतावा मागणे आणि पुढच्या वर्षापासून बिले थेट उत्पादकाच्या खात्यात जमा करण्याची सवय लावणे, हे सगळे काम त्यातून उभे राहिले. एका संस्थेचे काम नीट झाले की त्याच गावातील विकास सेवा संस्थेचा सचिव चौकशी करतो, कारण ही माणसे जिल्हा बँकेच्या शाखेत एकमेकांना भेटतच असतात. जी.डी.सी. ॲण्ड ए. झालेल्या आणि शासनाच्या नामिकेवर (अधिकृत यादीवर) लेखापरीक्षक म्हणून नाव असलेल्या माणसाला इथे वाव आहे. ज्या संस्थेचे लेखापरीक्षण आपण करतो तिचेच हिशेब आपण लिहू नयेत, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे.

शहराभोवतालच्या जमिनींचा विषय त्याहून नाजूक आहे. शेतजमीन विकली की भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात एक ते दहा लाख लोकसंख्येच्या नगरपालिका किंवा महानगरपालिका हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतील जमीन ग्रामीण शेतजमीन धरली जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर महानगरपालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आहे, त्यामुळे पाचगाव, कळंबा किंवा उचगाव परिसरातील शेतकऱ्याने प्लॉटसाठी जमीन विकली तर तो या नियमात सापडतो. १९६१ च्या कायद्यातील कलम ५४बी खाली दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेऊन त्याला कर वाचवता येतो, परंतु तोवर पैसा विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतील ‘भांडवली नफा खात्यात’ ठेवावा लागतो. हे त्याला व्यवहाराआधी कळले पाहिजे. व्यवहार झाल्यावर तो पैसा घरबांधणीत, लग्नात आणि ट्रॅक्टरमध्ये गेलेला असतो. म्हणून दस्त लिहिणाऱ्या वकिलांशी आणि मुद्रांक विक्रेत्यांशी माझा परिचय आहे, आणि दस्त नोंदवण्याआधी एकदा कराचा अंदाज विचारून घ्या, एवढेच ते पक्षकारांना सुचवतात. या पहिल्या सल्ल्याचे मी पैसे घेत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांतील वकिलांचा राबता वाढला आहे. त्यांना १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए खालील अनुमानित उत्पन्नाची (एकूण जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरण्याची) पद्धत समजावून सांगितली की काम पुढे सरकते. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

परताव्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘मोठा रिफंड मिळवून देतो, त्यातले अमुक टक्के द्या’ असे सांगून क्लायंट गोळा करणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. खोटे घरभाडे, न दिलेल्या राजकीय देणग्या आणि नसलेले आजारपण दाखवून हे परतावे काढले जातात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशा बनावट दाव्यांविरुद्ध तपासणी केली. त्यानंतर अनेक नोकरदार घाबरून सुधारित विवरणपत्रासाठी फिरत होते. ते माझ्याकडेही आले आणि त्यांची विवरणपत्रे दुरुस्त करून देताना मला फार वाईट वाटले, कारण खोटा दावा दुसऱ्याने लिहिला तरी कर, व्याज आणि दंड त्या शिक्षकाला किंवा हवालदारालाच भरावा लागतो. फी परताव्याच्या टक्केवारीवर कधीही ठरवू नये. ती कामावर ठरवावी, काम सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहून द्यावी आणि नंतर त्यात वाढ करू नये.

नवा माणूस समोर बसला, की मी आधी त्याच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने पोर्टल उघडतो आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) व वार्षिक माहिती विवरण त्याच्या देखत वाचतो. कितीदा असे आढळते, की पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाईल आधीच्या सल्लागाराचा आहे, आलेल्या नोटिसा तिकडेच गेल्या आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही. ते दोन्ही क्लायंटचेच नोंदवून द्यावेत आणि पासवर्ड त्याच्या हाती ठेवावा. असे केल्याने तो उद्या सहज दुसरीकडे जाईल, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. जायचे असेल तर त्याने जरूर जावे, त्याचे कागद त्याला त्याच दिवशी मिळतील, हे मी पहिल्याच भेटीत सांगतो. ज्याला हे सांगितले आहे तो दुसऱ्याला माझ्याकडे निर्धास्तपणे पाठवतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. ५३६ कलमांचा हा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आर्थिक वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे, तर २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे. एकाच वर्षात दोन कायदे हाताळताना सचिव आणि हिशेबनीस गोंधळणार, हे उघड आहे. त्यांच्यासाठी जुनी आणि नवी कलमे शेजारी शेजारी मांडलेला एक मराठी तक्ता मी तयार करत आहे. ३१ ऑक्टोबरच्या आधी तो करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील दूध संस्थांमध्ये जाऊन समजावून सांगण्याचा माझा विचार आहे. नव्याने कार्यालय सुरू केलेल्या ज्या मित्रांना सोबत यायचे असेल त्यांनी जरूर यावे, गावे वाटून घेऊ.