पिकअपवर सीबी अँटेना, मुंबईच्या हिशोबाने

इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवाले मित्र सारखे विचारतात की सीबी सेट (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचा वायरलेस) कुठला घेऊ, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो, सेटवर एवढं डोकं नको खपवूस रे, वेळ आणि पैसे अँटेनावर घाल. पॉवरची कमाल मर्यादा सगळ्यांना तीच, ५ वॉट. मग माळशेजला मोबाईलची रेंज गेल्यावर मागच्या गाडीचा आवाज येतो की नुसती खरखर येते हे ठरतं अँटेना कुठली आहे आणि कुठे बसवलीये यावरच.

कायद्याचं पटकन उरकतो. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा ५ वॉटपर्यंत लायसन्सशिवाय वापरता येतो. पण बाजारात येणारे सेट बहुतेक अमेरिकन पद्धतीचे, ४० चॅनेलवाले, आणि त्यांचा ४० वा चॅनेल जातो २७.४०५ वर. म्हणजे आपल्या पट्ट्यात बसतात फक्त १ ते २७. २८ वा २७.२८५ वर आहे, अगदी थोडक्यात बाहेर. हे २७ लक्षात ठेवा, ट्यूनिंगला लागणार आहे.

आता लांबी. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटरची, तिचा पाव भाग पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणून अमेरिकेत १०२ इंचांची सरळ स्टीलची काठी लावतात आणि ती भारीच चालते यात वादच नाही. पण आपल्या गाडीचं छप्परच सहा फुटांवर, त्यावर ही साडेआठ फुटांची काठी, मग मॉलचं पार्किंग विसरा, सोसायटीचं पोडियम विसरा, गल्लीत आडव्या लोंबणाऱ्या केबल आणि इंटरनेटच्या वायरी वेगळ्याच, आणि रेल्वे फाटकावर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असताना असली काठी घेऊन जायची माझी तरी हिंमत नाही.

मग आखूड अँटेना, जिच्यात कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, घालून लांबीची कसर भरून काढतात. कॉइल बुडाशी, मध्ये किंवा टोकाला असते, आणि साधारण जेवढी वर तेवढं चांगलं. माझी पसंती चार फुटी फायबरग्लास, तार वरच्या बाजूला दाट गुंडाळलेली. दोन फुटी दिसायला गोड असते पण रेंज खाते आणि ट्यूनिंगही फार थोड्या चॅनेलपुरतं जमतं. खाली क्विक डिस्कनेक्ट लावा, पार्किंगच्या तोंडाशी पिळून काढायची आणि मागच्या सीटवर टाकायची.

कुठे बसवायची यावर आमच्यात भांडणं होतात. तांत्रिकदृष्ट्या छपराचा मध्य एक नंबर, कारण गाडीचा पत्रा हीच अर्धी अँटेना असते आणि तिथे चारही बाजूंना पत्रा मिळतो. मॅग्नेट माउंट ठेवला की झालं, भोकं पाडायला नकोत. पण मॅग्नेटखाली धूळ अडकून पेंट घासतो आणि झाडाची फांदी लागली की अख्खा माउंट सरकतो. म्हणून मी केबिनच्या मागच्या रोल बारला, म्हणजे पाइपच्या कमानीला, ब्रॅकेट लावून घेतला. अट एकच, अँटेनाचा वरचा भाग छपराच्या वर निघाला पाहिजे, केबिनच्या पाठीला चिकटून उभी केली तर काही खरं नाही. आणि कोपऱ्यात लावली तर सिग्नल जिकडे पत्रा जास्त तिकडे जास्त जातो, म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यातली अँटेना पुढे उजवीकडे जोरात बोलते. ताफ्यात सगळ्यात पुढे राहणाऱ्याला याचा काय उपयोग, त्याने छपराचा मध्यच धरावा.

पिकअपची खरी गंमत हौद्यात आहे. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसवलेले, मध्ये रबर, रंग, गंज, त्यामुळे हौदा दिसतो लोखंडाचा पण ग्राउंड, म्हणजे अँटेनाचा तो पत्र्याचा अर्धा भाग, धड मिळेलच असं नाही. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून काढा, आणि चपटी विणलेली तांब्याची पट्टी घेऊन हौदा ते चेसिस, चेसिस ते केबिन जोडून टाका. मग अँटेना काढून मल्टिमीटर लावा. केबलची बाहेरची जाळी आणि बॉडी यांच्यात बीप वाजलाच पाहिजे, मधली पिन आणि बॉडी यांच्यात अजिबात नाही. वाजला तर प्लास्टिकचा वॉशर चुकीच्या जागी बसलाय.

केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळते, फक्त नीट मागा. तिथे एका काउंटरवर "अहो साहेब, हीच घ्या, सगळे केबलवाले हीच नेतात" म्हणून टीव्हीची केबल पुढे केली होती, ती ७५ ओहमची. आपल्याला ५० ओहमची आरजी-५८ हवी. केबिनमध्ये घेताना मागच्या रबरी ग्रोमेटमधून घ्या, दारात चेमटवू नका.

आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर कितपत परत फिरते ते सांगणारा आकडा (कमी तेवढा बरा), बघितल्याशिवाय बोलायचं नाही, अँटेना न लावता तर बटण दाबायचंच नाही, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि अँटेना यांच्यामध्ये, गाडी मोकळ्या मैदानात, दारं बंद. सोसायटीच्या स्लॅबखाली घेतलेलं रीडिंग कचऱ्यात टाका. नेटवर सगळे चॅनेल १ आणि ४० वर मोजायला सांगतात, पण आपण जाणार २७ पर्यंतच, तर १ आणि २७ वर मोजा आणि मध्ये १४ वर बघा. १ वर जास्त आलं तर अँटेना आखूड पडतेय, टोकाचा स्क्रू बाहेर काढा. २७ वर जास्त तर लांब झालीये, आत घाला. दोन्हीकडे दीडच्या खाली आलं की मस्त, दोनपर्यंतही चालून जातं. दोन्हीकडे तीनच्या वर असेल तर स्क्रूशी खेळत बसू नका, ग्राउंड नाहीतर केबल बघा.

राहिला पाऊस आणि खारी हवा. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या, कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, साधी काळी टेप पहिल्याच पावसात सुटते. केबलमध्ये पाणी शिरलं की ते वाळत नाही, केबलच बदलावी लागते. मी जूनच्या आधी टेप बदलतो आणि गणपतीत गावी निघायच्या आदल्या दिवशी परत मीटर लावून बघतो.